डेव्हनवरचा निऑन आणि पुण्याची अलकनंदा



डिसेंबर २०२५ मध्ये तुमच्या-आमच्या फोनवर एक निरोप फिरत होता, आठवतो? "पुण्याच्या शास्त्रज्ञांनी शोधली विश्वातली सर्वांत जुनी दीर्घिका!" खाली तीन-चार तिरंगे आणि जोडलेले हात. मीही तो वाचला, छाती थोडी फुगली, आणि पाच ग्रुपवर पुढे पाठवून मोकळा झालो.

नंतर एका रविवारी मराठी शाळेत मोठ्या गटातल्या मुलांना हे मोठ्या कौतुकाने सांगितले. एक बारा वर्षांची मुलगी म्हणाली, "काका, पण तिथे कोणी गेलं नाही ना? नुसता फोटो काढला. फोटोवरून वय कसं कळतं? माझ्या आजीचा फोटो बघून लोक तिला पन्नासची म्हणतात!" सगळा वर्ग हसला. "पुढच्या रविवारी सांगतो" असे म्हणून मी वेळ मारून नेली. माझे शिक्षण मेकॅनिकल इंजिनिअरिंगचे. आकाशाशी संबंध म्हणजे लहानपणी गच्चीवर झोपून मोजलेले तारे, एवढाच. पण शब्द दिला होता, म्हणून बसून वाचायला लागलो. वाचता वाचता दोन गोष्टी कळल्या. एक, मी पाठवलेला निरोप चुकीचा होता. दुसरी, त्या मुलीने नेमके दुखऱ्या जागी बोट ठेवले होते.

आधी खरी बातमी काय ती सांगतो. पुण्याला विद्यापीठाच्या आवारात टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र आहे. नारायणगावजवळ खोडदला ज्या मोठ्या मोठ्या तीस डिश दिसतात, ती जीएमआरटी दुर्बीण चालवणारी हीच मंडळी. तिथल्या संशोधक विद्यार्थिनी राशी जैन आणि प्राध्यापक योगेश वाडदेकर यांना जेम्स वेब अवकाश दुर्बिणीच्या छायाचित्रांत एक सर्पिल दीर्घिका सापडली. नोव्हेंबर २०२५ मध्ये 'ॲस्ट्रॉनॉमी अँड ॲस्ट्रोफिजिक्स' या युरोपीय नियतकालिकात त्यांचा शोधनिबंध आला. विश्वाचे वय १३.८ अब्ज वर्षे धरले, तर ही दीर्घिका ते जेमतेम दीड अब्ज वर्षांचे असताना होती तशी आपल्याला दिसते. म्हणजे तिच्यापासून निघालेला प्रकाश बारा अब्ज वर्षांहून जास्त काळ चालत होता. आपली पृथ्वी जन्मली साडेचार अब्ज वर्षांपूर्वी. तेव्हा त्या प्रकाशाने निम्म्याहून जास्त वाट संपवलेली होती!

आता नाव. आपल्या आकाशगंगेला हिंदीत मंदाकिनी असेही म्हणतात. चारधाम केलेल्यांना रुद्रप्रयागचा संगम आठवत असेल, तिथे मंदाकिनी आणि अलकनंदा एकमेकींना भेटतात. ही नवी दीर्घिका आपल्या आकाशगंगेची बहीण शोभेल अशी, दोन डौलदार बाहू असलेली, म्हणून अलकनंदा. मला हे नाव फार आवडले. नाहीतर या लोकांची नावे म्हणजे टेलिफोन नंबर असतात.

ती 'सर्वांत जुनी' मात्र नाही. तिच्याहून कितीतरी आधीच्या दीर्घिका माहीत आहेत. अलकनंदेचे नवल निराळे आहे. इतक्या लवकरच्या काळात दीर्घिका म्हणजे वायूचे आणि ताऱ्यांचे वेडेवाकडे गोळे असणार, अशी सर्वसाधारण समजूत होती. चकती शांत व्हायला, त्यात नीट बाहू उमटायला वेळ लागतो. इथे तर सुमारे तीस हजार प्रकाशवर्षे रुंद चकती, दोन्ही बाजूंना सारखे बाहू, आणि त्या बाहूंवर माळेत मणी ओवावेत तसे नव्या ताऱ्यांचे पुंजके. त्यातल्या ताऱ्यांचे वस्तुमान सूर्याच्या दहा अब्ज पटींहून अधिक, आणि दर वर्षाला सुमारे साठ सूर्य होतील इतके नवे तारे. आपल्या आकाशगंगेत हाच वेग आज याच्या वीस-तीस पटींनी कमी आहे. बाळ पाळण्यात असायच्या वयात दहावीच्या परीक्षेला बसलेले दिसावे, तसे झाले!

ठीक. पण दीड अब्ज वर्षे हे कळले कसे?

याचे उत्तर मला पुस्तकात नाही, डेव्हन ॲव्हेन्यूवर सापडले. एका शनिवारी आम्ही तिथे नेहमीप्रमाणे महिन्याची डाळ-तांदूळ खरेदी करायला गेलो होतो. सोबत साडीची खरेदी. (ती 'सोबत' नसते, तीच मुख्य असते, हे विवाहित वाचकांना सांगायला नको.) दुकानात बायकोने एक रामा रंगाची साडी पसंत केली. पण पैसे द्यायच्या आधी ती घडी घेऊन दाराबाहेर फुटपाथवर गेली, उन्हात पाहिली आणि परत आली. "ही रामा नाही, चक्क निळी आहे." दुकानदारही हसला, त्याच्याकडे दिवसातून दहा जणी हेच करतात. रंग साडीचा खरा, पण डोळ्याला दिसणारा रंग हा साडी आणि दिवा या दोघांचा मिळून असतो. नुसत्या रंगावरून निष्कर्ष काढला की फसायला होते.

दूरच्या दीर्घिकांचे अंतर काढण्याची पहिली पद्धत अशीच रंगावरची आहे. दुर्बिणीसमोर एकेक रंगीत काच, म्हणजे फिल्टर, लावून छायाचित्रे काढायची आणि दीर्घिका कुठल्या फिल्टरमध्ये किती उजळ दिसते ते मांडायचे. यात एक मोठी खूण मिळते. सुरुवातीच्या विश्वात भरून राहिलेला हायड्रोजन एका ठरावीक मर्यादेपलीकडचा अतिनील प्रकाश गिळून टाकतो. त्यामुळे दीर्घिका निळसर फिल्टरांमध्ये दिसतच नाही, आणि एखाद्या लालसर फिल्टरपासून एकदम दिसायला लागते. जितकी दूर, तितकी ती उशिरा, म्हणजे अधिक लाल फिल्टरमध्ये उगवते.

तत्त्व चांगले आहे, पण त्याची फजिती झालेलीही आहे. २०२२ च्या जुलैमध्ये जेम्स वेबची पहिली छायाचित्रे आली आणि जगभरचे खगोलशास्त्रज्ञ त्यांवर तुटून पडले. त्यात सीअर्स ९३३१६ नावाचा एक लाल ठिपका होता. रंगावरून हिशेब आला की हा महास्फोटानंतर फक्त पंचवीस कोटी वर्षांच्या आसपासचा असावा. तसे असते तर तो त्या वेळचा विक्रम ठरला असता. मग २०२३ मध्ये त्याच दुर्बिणीने त्याचा वर्णपट घेतला. निघाले काय? तो ठिपका महास्फोटानंतर सव्वा अब्ज वर्षांच्या सुमाराचा, धुळीने भरलेला, आणि ऑक्सिजन-हायड्रोजनच्या काही तेजस्वी रेषा नेमक्या अशा फिल्टरांमध्ये पडलेल्या की सोंग हुबेहूब वठले होते. दुकानातली निळी साडी, रामा दिसत होती!

त्याच सर्वेक्षणातला दुसरा एक ठिपका मात्र परीक्षेत पास झाला. तो सापडला तेव्हा प्रमुख शास्त्रज्ञ स्टीव्हन फिंकेलस्टाइन यांच्या मुलीचा वाढदिवस होता, म्हणून त्याला 'मेझीची दीर्घिका' असे नाव पडले. वर्णपटाने सांगितले की ती खरोखरच महास्फोटानंतर सुमारे ३९ कोटी वर्षांची. लेकीच्या नावाची दीर्घिका खोटी निघाली असती तर बापाने घरी काय सांगितले असते, असे उगीच मनात आले.

तर मग हा वर्णपट म्हणजे काय? पुन्हा डेव्हनवर चला, या वेळी दिवे लागल्यावर. घरातून एक जुनी सीडी बरोबर घ्या. (लताबाईंच्या गाण्यांची नको, टॅक्स सॉफ्टवेअरची वगैरे घ्या.) दुकानांच्या खिडक्यांत लाल अक्षरांत 'ओपन' अशा पाट्या असतात. काही जुन्या, खऱ्या निऑनच्या नळीच्या. बऱ्याच आता एलईडीच्या. लांबून दोन्ही सारख्याच लाल. आता सीडीची चकाकती बाजू वाकडी-तिकडी करून तिच्यात त्या पाटीच्या प्रकाशाचे इंद्रधनुष्य पकडा. एलईडीचा लाल पट्टा एकसंध, पसरट दिसेल. खऱ्या निऑनमध्ये मात्र लाल, नारिंगी, पिवळसर अशा सुट्या सुट्या प्रतिमा एकमेकींशेजारी दिसतील. निऑनचा अणू ठरावीक रंगच देतो, मधले देत नाही. शिकागोच्या रस्त्यांवरचे ते नारिंगी सोडियमचे दिवे आठवतात ना? शहराने २०१७ पासून ते काढून पांढरे एलईडी बसवले. त्या सोडियमचीही अशीच स्वतःची नक्षी होती. प्रत्येक मूलद्रव्याची वेगळी. हातावरच्या रेषांसारखी म्हणतात, पण हातावरच्या रेषांवर माझा विश्वास नाही, या रेषांवर आहे.

प्रकाश असा रंगारंगांत पसरवून त्यातल्या रेषा वाचणे, म्हणजे वर्णपट घेणे. फिल्टरने आपण दहा-वीस जाड पट्टे पाहतो, वर्णपटात शेकडो बारीक भाग.

पुढची गोष्ट अंतराची. प्रकाश प्रवासात असताना विश्व प्रसरण पावत असते आणि प्रकाशाची लहरही त्याबरोबर ताणली जाते. ताणली की रंग लालकडे सरकतो. याला आपल्याकडे ताम्रसृती म्हणतात. आता साडीचा काठ इलॅस्टिकवर विणला आहे असे समजा. ओढला की मोर मोठा होईल, कमळ मोठे होईल, त्यांच्यातले अंतर वाढेल. पण सगळे एकाच पटीत. म्हणून ताणल्यावरही काठ पैठणीचाच आहे हे ओळखू येते, आणि किती ताणला तेही मोजता येते.

इथे थोडे गणित करू, भिऊ नका. हायड्रोजनची एक प्रसिद्ध लाल रेषा प्रयोगशाळेत ०.६५६ मायक्रॉनवर असते, ऑक्सिजनची एक हिरवी रेषा ०.५०१ मायक्रॉनवर. अलकनंदेची ताम्रसृती सुमारे ४.०५ आहे. तीत एक मिळवायचा, म्हणजे लहरी ५.०५ पट ताणल्या गेल्या. गुणाकार केला तर हायड्रोजनची रेषा ३.३१ मायक्रॉनवर जाते आणि ऑक्सिजनची २.५३ वर. दोन्ही डोळ्याला न दिसणाऱ्या अवरक्त भागात. पण ३.३१ भागिले २.५३ करा, आणि ०.६५६ भागिले ०.५०१ करा. दोन्हीकडे १.३१! एकच रेषा दिसली तर ती कोणाचीही असू शकते. दोन-तीन रेषा योग्य प्रमाणात दिसल्या की मग सोंगाला जागा राहत नाही. ताण कळला की तो प्रकाश विश्वाच्या कुठल्या वयात निघाला हे प्रसरणाच्या गणितातून निघते. शाळेतल्या त्या मुलीला मी हेच सांगितले: आजीचा चेहरा पाहून नाही, जन्माचा दाखला पाहून वय सांगतात.

हे सगळे अवरक्तात गेल्यामुळेच दुर्बीण अवकाशात लागते. आपल्या हवेतली वाफ अवरक्ताचा बराच भाग अडवते, आणि जमिनीवरची दुर्बीण स्वतःच्या उष्णतेनेच अवरक्तात चमकत असते. २५ डिसेंबर २०२१ ला फ्रेंच गयानातून उडालेली जेम्स वेब पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवर, टेनिस कोर्टाएवढ्या पाच पदरी छत्रीच्या सावलीत, उणे २३० अंशांच्या आसपास थंड राहते. सोन्याचा मुलामा दिलेला साडेसहा मीटरचा आरसा वगैरे तुम्ही वाचले असेलच. मला त्याहून नवल वाटले ते तिच्यातल्या वर्णपटमापकाचे. दीर्घिकांनी भरलेल्या आकाशाच्या तुकड्यातून शंभर दीर्घिकांचे वर्णपट घ्यायचे, आणि शेजारच्यांचा प्रकाश त्यांत मिसळू द्यायचा नाही, हे कसे करणार? रात्री मुंबईची एखादी चाळ डोळ्यांसमोर आणा. सगळ्या खिडक्या उघड्या असल्या तर कोणाच्या घरातला रेडिओ कुठला, काही कळत नाही. सगळ्या बंद करून हव्या त्या चारच उघडल्या तर? वेबवर अशा सुमारे अडीच लाख खिडक्या आहेत, प्रत्येकीची रुंदी केसाएवढी, एक दशांश मिलिमीटर. चुंबकाच्या साहाय्याने त्या एकेक उघडता-मिटता येतात, आणि शंभराहून जास्त दीर्घिकांचे वर्णपट एका वेळी मिळतात. काही खिडक्या अडकून बसलेल्याही आहेत. आमच्या चाळीतही होत्या.

अशा वर्णपटांतून काय काय बाहेर आले! २०२५ मध्ये मॉम-झेड१४ या दीर्घिकेची ताम्रसृती १४.४४ भरली. महास्फोटानंतर २८ कोटी वर्षे; सापडली तेव्हा ती सर्वांत दूरची ठरली. जेड्स सर्वेक्षणातल्या अशाच एका फार दूरच्या दीर्घिकेत, विश्व तीस कोटी वर्षांचे असतानाच्या, ऑक्सिजन आढळला, तो मात्र चिलीतल्या अल्मा या जमिनीवरच्या रेडिओ दुर्बिणींना. ऑक्सिजन ताऱ्यांच्या पोटात तयार होतो. म्हणजे इतक्या लवकर ताऱ्यांची एक पिढी जन्मून, जगून, मरूनही गेली होती.

काही जण लगेच म्हणायला लागले की महास्फोट खोटा ठरला. तसे नाही. बहुतेक शास्त्रज्ञांच्या मते दुरुस्ती लागेल ती दीर्घिका कशा आणि किती वेगाने घडतात या आपल्या कल्पनांत. हे वाचताना डॉ. जयंत नारळीकरांची फार आठवण झाली. महास्फोटाचा सिद्धान्त त्यांना कधी पटला नाही, आणि जग विरुद्ध बाजूला असताना ते आपला पर्यायी सिद्धान्त गणिताने मांडत राहिले. मे २०२५ मध्ये ते गेले. अलकनंदेचा निबंध त्यानंतर सहा महिन्यांनी आला. ते यावर काय म्हणाले असते ते ऐकायला आवडले असते.

आणि आपल्या शिकागोचा संबंध? आहे तर! एडविन हबल शिकागो विद्यापीठाचा विद्यार्थी. डॉक्टरेटचे काम त्याने विस्कॉन्सिनमधल्या यर्क्स वेधशाळेत केले. इथून दीड-दोन तासांवर, जिनीव्हा सरोवराच्या काठी. मुलांना नक्की दाखवा. तिथेच सुब्रह्मण्यन चंद्रशेखर १९३७ पासून होते, आणि पुढे १९९५ मध्ये जाईपर्यंत शिकागो विद्यापीठाचेच राहिले. त्यांच्या नावाची 'चंद्रा' ही क्ष-किरण दुर्बीण १९९९ पासून अवकाशात आहे. आता योगायोग बघा. अलकनंदा दिसते ती एबेल २७४४ या दीर्घिकांच्या मोठ्या समूहाच्या मागे. हा समूह आपल्यापासून साडेतीन अब्ज प्रकाशवर्षांवर आहे आणि त्याचे गुरुत्वाकर्षण भिंगासारखे काम करते. त्याच्यामुळे अलकनंदा आपल्याला सुमारे दुप्पट उजळ दिसते. याच समूहामागे २०२३ मध्ये यूएचझेड-१ नावाच्या दीर्घिकेत चंद्रा दुर्बिणीला एक प्रचंड कृष्णविवर सापडले, विश्व ४७ कोटी वर्षांचे असतानाचे, आणि तिचे अंतर पक्के केले वेबने घेतलेल्या वर्णपटाने. अशा कृष्णविवरांची खूण कशी असेल याचे भाकीत आधीच मांडणाऱ्यांत येल विद्यापीठातल्या प्रियंवदा नटराजन होत्या. आकाशाचा तो एवढासा तुकडा, आणि त्यात आपली किती माणसे डोकावून गेली!

आता अलकनंदेकडे परत येतो, कारण शाळेतल्या प्रश्नाचे उत्तर अर्धेच झाले आहे. राशी जैन सुमारे ७०,००० वस्तूंच्या माहितीतून जात असताना त्यांना ही एक दिसली. ज्या सर्वेक्षणांतून ती मिळाली त्यांची सामग्री सर्वांसाठी खुली आहे, म्हणून पुण्यात बसून हे करता आले. तिचे अंतर त्यांनी काढले ते रंगांवरूनच! पण इथे फिल्टर थोडेथोडके नव्हते, एकवीस होते. चार-पाच फिल्टर म्हणजे दुकानातला दिवा. एकवीस म्हणजे साडी दारापर्यंत आणलेली. तेजस्वी रेषा ज्या फिल्टरमध्ये पडते तिथे दीर्घिका जास्त उजळ दिसते, त्यामुळे रेषांचा ठसाही साधारण उमटतो. सीअर्स ९३३१६ सारखी फजिती इथे व्हायचा संभव फार कमी, असे मला तरी वाचून वाटले. तरीही पूर्ण वर्णपट हवाच, आणि पुढची पायरी तीच, असे स्वतः संशोधकच सांगतात. त्यासाठी वेबचा किंवा अल्माचा वेळ मिळवायचा. तो किती दुर्मीळ ते सांगतो: २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये वेबसाठी जगभरातून २,३०० हून जास्त प्रस्ताव आले आणि मागणी उपलब्ध वेळेच्या नऊपट होती. आयआयटीची परीक्षा आपल्याला उगाच कठीण वाटते.

वर्णपट मिळाला की नुसते अंतर नाही, आणखी एक गोष्ट कळेल, आणि मला तिचीच जास्त उत्सुकता आहे. चकती फिरत असेल तर तिची एक कड आपल्याकडे येत असते, दुसरी दूर जात असते. एका कडेच्या रेषा किंचित निळीकडे, दुसरीच्या किंचित लालकडे सरकतात. कडेपासून कडेपर्यंत ठिकठिकाणचा वर्णपट घेतला तर ती चकती शांतपणे फिरते आहे की आतून खळबळलेली आहे ते दिसेल. त्यावरून ठरेल की ते सुंदर बाहू आले कुठून. बाहेरून थंड वायू संथपणे येत राहिला आणि चकतीत आपोआप लाटा उठल्या, की एखादी छोटी दीर्घिका जवळून जाताना हिसडा देऊन गेली? पहिले खरे असेल तर ते बाहू बराच काळ टिकले असतील. दुसरे असेल तर आपण एक क्षणभराचा देखावा पाहिला.

हे सगळे मी त्या मुलीला दोन रविवार लावून सांगितले. ती म्हणाली, "म्हणजे काका, तुमचा मेसेज चुकीचा होता." मी कबूल केले. "मग दुसरा पाठवलात का?" पाठवला नव्हता. त्या रात्री पाचही ग्रुपवर पाठवला: सर्वांत जुनी नव्हे, तर इतक्या लवकरच्या काळात इतकी घडलेली, अंतर एकवीस फिल्टरांवरून, वर्णपट बाकी. पहिल्या निरोपाला सत्तावीस अंगठे आले होते. याला दोन आले, त्यातला एक बायकोचा.

येत्या महिन्यात मोठ्या गटाला घेऊन संध्याकाळी डेव्हनवर जायचे ठरले आहे, निऑनच्या पाट्या मोजायला. खऱ्या किती आणि एलईडीच्या किती याची यादी मुले करणार आहेत. चाट खाणे ओघाने आलेच. ज्यांच्याकडे जुन्या सीडी पडून असतील त्यांनी मराठी शाळेत आणून द्याव्यात, ओरखडे असले तरी चालतील.